गरुडांचा मारेकरी

१९९४ च्या हिवाळ्याच्या तोंडाला अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात, डीग्रे नावाच्या धरणाच्या जलाशयाकाठी बाल्ड ईगल मरून पडू लागले. पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा हा गरुड १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर उंच झाडांवर घरटं बांधणाऱ्या समुद्रगरुडाचा हा नातलग. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊ लागली आणि १९६३ मध्ये अलास्का वगळता उरलेल्या अमेरिकेत त्याच्या जेमतेम ४१७ जोड्या राहिल्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि पुढच्या दोन दशकांत हा पक्षी हळूहळू सावरला. सगळे सुटकेचा निःश्वास टाकत असतानाच एका हिवाळ्यात, एका जलाशयापाशी २९ गरुड मेले. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्याच राज्यात आणखी २६ गेले.

मरण्याआधी हे पक्षी विचित्र वागत. बसायची फांदी समोर असूनही तिच्यावरून पुढे निघून जात, कड्यांवर आदळत, जमिनीवर चालताना दारू प्यायल्यासारखे कोलमडत. मात्र ते उपाशी नव्हते, जखमी नव्हते, कोणी गोळी घातलेली नव्हती.

मेंदूतल्या पोकळ्या

शवविच्छेदनात बाहेरून काहीच सापडलं नाही. यकृत ठीक, फुप्फुसं ठीक, पोटात अन्न. मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा मात्र चित्र पालटलं. मेंदूच्या पांढऱ्या भागात असंख्य बारीक पोकळ्या पडल्या होत्या. विजेच्या तारेवर जसं रबरी वेष्टन असतं, तसं चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. या पक्ष्यांमध्ये त्या आवरणाचे पदर एकमेकांपासून सुटून मधे पाणी भरलं होतं. नजरेशी संबंधित भागात हे नुकसान विशेष होतं. फांदी दिसत असूनही पक्ष्याला तिच्यावर उतरता का येत नव्हतं, याचा उलगडा त्यातून होत होता.

पक्ष्यांमधला असा आजार आधी कोणी नोंदवला नव्हता. त्याला ‘एव्हियन व्हॅक्युओलर मायलिनोपथी’ असं लांबलचक नाव मिळालं. विषाणू शोधले, जिवाणू शोधले, शिसं-पारा तपासला, ज्ञात कीटकनाशकांच्या चाचण्या केल्या. हाती काही लागलं नाही. मायलिन अशा रीतीने फाटणं हे सहसा विषबाधेचं लक्षण असतं, एवढाच धागा होता. विष कोणतं आणि आलं कुठून, हे समजायला पुढची पंचवीसहून अधिक वर्षं जायची होती.

वारकऱ्यांचा माग

पहिला माग काढून दिला गरुडाच्या भक्ष्याने. हिवाळ्यात आपल्या तलावांवर थव्यांनी उतरणारा काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी पाणपक्षी पाहणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. काही भागांत त्याला चांदवा म्हणतात. त्याचाच अमेरिकी भाऊबंद १९९६ मध्ये डीग्रेवर चमत्कारिक अवस्थेत दिसू लागला. पक्षी गोल गोल पोहत होते, काही तर पोट वर करून, पाय हवेत झाडत तरंगत होते. त्यांच्या मेंदूतही त्याच पोकळ्या निघाल्या.

गरुड मासे खातो, पण हिवाळ्यात सहज हाती लागणारा अशक्त वारकरी तो सोडत नाही. दोन्ही पक्षी एकाच ठिकाणाहून विष घेत होते, की वारकऱ्याच्या मांसातून ते गरुडापर्यंत पोचत होतं? आजारी वारकऱ्यांचं मांस लाल शेपटीच्या ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांना, रेड-टेल्ड हॉकना, खाऊ घातलं गेलं. त्यांच्याही मेंदूत पोकळ्या पडल्या. म्हणजे विष अन्नसाखळीतून वर चढत होतं.

दुसरा प्रयोग नॉर्थ कॅरोलायनातल्या वुडलेक या तळ्यावर झाला. दुसरीकडून आणलेले निरोगी वारकरी आणि पाळीव बदकं पंख कातरून तळ्यात सोडली. आठवड्याभरातच काही पक्षी आजारी पडले. आजार बाहेरून येत नव्हता. तो त्या पाण्यातच होता, आणि तोही फक्त शरद ऋतूच्या अखेरीपासून हिवाळा संपेपर्यंत.

तळ्याचं पाणी मात्र स्वच्छ दिसत होतं. विषारी पाण्याची जी खूण साऱ्या जगाला माहीत होती, ती इथे कुठेच नव्हती.

हिरव्या रंगासारखं पाणी

ती खूण पहिल्यांदा शास्त्रीय भाषेत नोंदवली गेली १८७८ मध्ये. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाशी अलेक्झांड्रिना नावाचं सरोवर आहे. त्यावर हिरव्या तैलरंगासारखा जाड तवंग साठला आणि ते पाणी प्यायलेली जनावरं मरू लागली. ॲडलेड इथल्या जॉर्ज फ्रान्सिस या रसायनतज्ज्ञाने हा प्रकार ‘नेचर’ या नियतकालिकात कळवला. मेंढ्या काही तासांत, कुत्री चार-पाच तासांत, घोडे आठ ते चोवीस तासांत गतप्राण होतात, अशी त्याची निरीक्षणं होती. तवंग मुद्दाम पाजून त्याने एका मेंढीवर चाचणीही केली. ती मेली.

तो तवंग ज्या जीवांचा होता त्यांना आपण सरसकट शेवाळ म्हणतो. शास्त्रज्ञ त्यांना सायनोबॅक्टेरिया किंवा नीलहरित जिवाणू म्हणतात. वनस्पतींसारखं प्रकाशसंश्लेषण करत असले, तरी ते जिवाणूच. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, यांच्या पूर्वजांच्या कामामुळे. भातखाचरात नत्र पुरवणारे ॲनाबीनासारखे जीव याच कुळातले. बहुतेक सायनोबॅक्टेरिया निरुपद्रवी आहेत. काही जातींना मात्र विष बनवता येतं, आणि त्या विषांचे प्रकार अनेक.

मायक्रोसिस्टिन हे त्यातलं सर्वांत परिचित. सात अमिनो आम्लांचं हे कडं यकृताच्या पेशींत शिरतं आणि तिथली महत्त्वाची विकरं बंद पाडतं. पेशींचा सांगाडा कोसळतो, यकृतात रक्तस्राव होतो, प्राणी दगावतो. पाणी उकळून ते नष्ट होत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याच्या एका प्रकाराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. ॲनाटॉक्सिन-ए हे दुसरं विष थेट मज्जासंस्थेवर हल्ला करतं. स्नायूला आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या रसायनाचं ते सोंग घेतं. फरक एवढाच, की शरीर खऱ्या रसायनाचा हुकूम क्षणात रद्द करतं, याचा रद्द करता येत नाही. स्नायू थकून निकामी होतात आणि श्वास थांबतो. शोध लागला त्या काळात प्रयोगशाळेत त्याला ‘अतिजलद मृत्यू घटक’ असंच नाव पडलं होतं.

ही विषं पाण्यात धोकादायक प्रमाणात साठायला सायनोबॅक्टेरियांची बेसुमार वाढ व्हावी लागते. त्यासाठी हवी ऊब, संथ पाणी आणि भरपूर फॉस्फरस व नत्र. पहिल्या दोन गोष्टी धरणं आणि तापणारं हवामान पुरवतात. तिसरी पुरवतात शेतातली खतं आणि शहरांचं सांडपाणी. वाढ झाली की पाणी हिरवंगार होतं, त्याला वास येतो, आणि निदान माणूस तरी सावध होतो.

डीग्रेवर हे काहीच नव्हतं. म्हणून सायनोबॅक्टेरियावर संशय जायला वेळ लागला.

पानाखाली

ज्या ज्या जलाशयात पक्षी मरत होते, तिथे एक गोष्ट समान होती. पाण्याखाली दाट जंगलासारखी माजलेली हायड्रिला.

हायड्रिला आपल्याला अनोळखी नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून, वर परीक्षानळी लावून जिचे बुडबुडे मोजतात, तीच ही पाणवनस्पती. ती आशियातली. आपल्या तळ्यांत ती पिढ्यान् पिढ्या आहे आणि इथल्या मासे-कीटकांनी तिला आवरून धरलं आहे. १९५० च्या दशकात मत्स्यटाक्या सजवण्याच्या व्यापारातून ती अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली आणि टाक्यांतून नैसर्गिक पाण्यात गेली. एखादा तुकडा होडीच्या पंख्याला अडकून दुसऱ्या तळ्यात गेला, तरी तिथे नवी वाढ सुरू होते. चिखलातले तिचे कंद वर्षानुवर्षं जिवंत राहतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातली धरणं तिने भरून टाकली. वारकऱ्यांना आयतं कुरण मिळालं.

जलजीवशास्त्रज्ञ सुझन वाइल्ड यांनी २००१ मध्ये आजारग्रस्त तळ्यांतली हायड्रिलाची पानं विशिष्ट प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सायनोबॅक्टेरियांतली रंगद्रव्यं अशा प्रकाशात लाल चमकतात. पानाच्या खालच्या अंगाला लाल ठिपके उजळले. हा जीव पाण्यात तरंगत नव्हता, तवंग धरत नव्हता. तो पानाला चिकटून, वस्त्या करून राहत होता. जिथे पक्षी मरत होते तिथे या वस्त्या दाट होत्या, जिथे मरत नव्हते तिथे त्या विरळ होत्या किंवा नव्हत्याच. हिवाळ्याचं कोडंही सुटलं. शरद ऋतूच्या अखेरीस पानांवरच्या वस्त्या भरात येतात, आणि त्याच सुमारास स्थलांतर करून वारकरी आणि त्यांच्या मागोमाग गरुड तिथे येतात.

जीव विज्ञानाला नवा होता. पुढे त्याचं नामकरण झालं एटोक्थोनोस हायड्रिलिकोला, म्हणजे हायड्रिलावर राहणारा गरुडांचा मारेकरी. नाव ठेवलं, पण आरोप सिद्ध व्हायचा होता.

निर्दोष निघालेला आरोपी

जर्मनीतल्या हाले इथल्या विद्यापीठातले टिमो नीडरमायर यांनी अमेरिकेहून नमुने मागवले आणि हा जीव प्रयोगशाळेत वाढवायला घेतला. तो अतिशय सावकाश वाढतो. पुरेसा साठा झाल्यावर तो वाइल्ड यांच्याकडे पाठवला गेला आणि कोंबड्यांना देण्यात आला. सगळे निकालाची वाट पाहत होते. कोंबड्यांना काहीही झालं नाही.

इथे एखाद्याने संशयिताला सोडून दिलं असतं. या संशोधकांनी प्रश्न फिरवला. तळ्यातला जीव मारतो आणि बाटलीतला मारत नाही, तर तळ्यात असं काय आहे जे बाटलीत नाही?

त्यांनी तळ्यातून आणलेली हायड्रिलाची पानंच तपासली. पानाच्या कोणत्या बिंदूवर कोणतं रसायन आहे याचा नकाशा काढणारं तंत्र वापरलं. जिथे जिवाणूंच्या वस्त्या होत्या, नेमकं तिथेच एक अनोळखी रसायन दिसलं. त्याच्या रेणूत ब्रोमीनचे पाच अणू होते. गोड्या पाण्यातल्या जीवाच्या रसायनात एवढा ब्रोमीन सापडणं दुर्मीळच. प्रयोगशाळेतल्या पोषणद्रवात ब्रोमाइड नव्हतंच, मग विष तयार होणार कुठून? द्रवात पोटॅशियम ब्रोमाइड मिसळलं आणि बाटलीतला जीवही तेच रसायन बनवू लागला. ते दिल्यावर कोंबड्यांच्या मेंदूत पोकळ्या पडल्या. सूक्ष्म कृमी आणि झेब्रा माशांच्या पिल्लांवरही ते घातक ठरलं. २०२१ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निकाल प्रसिद्ध झाला. पहिला गरुड पडल्याला तोवर सव्वीस वर्षं उलटून गेली होती, आणि मृत गरुडांची नोंद १३० च्या वर गेली होती.

एटोक्थोनोटॉक्सिन नाव मिळालेलं हे विष चरबीत विरघळतं. म्हणून ते वारकऱ्याच्या शरीरात टिकतं आणि खाणाऱ्याकडे जातं. आजाराच्या खुणा बदकं, हंस-बदकं, टिटवीच्या जातीचे पक्षी आणि शिंगी घुबडांतही सापडल्या आहेत. हायड्रिला खाणारी कासवं आणि मासेही त्यातून सुटले नाहीत.

राहिला प्रश्न ब्रोमाइडचा. पाण्यात आणि गाळात ते नैसर्गिकरीत्या थोडंफार असतं. हायड्रिला ते शोषून पानांत साठवते. त्या पानावर बसलेल्या जिवाणूला कच्चा माल जागेवरच मिळतो. पण ब्रोमाइड पाण्यात येण्याच्या माणसाने केलेल्या वाटाही आहेत. कोळशावरची वीजकेंद्रं, आग रोखणारी रसायनं, आणि एक तणनाशक. त्या तणनाशकाचं नाव डायक्वाट डायब्रोमाइड, आणि ते जलाशयात फवारलं जातं ते हायड्रिला मारण्यासाठी. तणाचा बंदोबस्त करताना जिवाणूला विषाचं साहित्य मिळण्याची सोय झाली असू शकते.

विष इथे, मृत्यू तिथे

गरुडांची कथा अपवादात्मक वाटेल, पण तिच्यातली मुख्य अडचण बहुतेक ठिकाणी तीच आहे. प्राणी जिथे मरतो तिथे कारण सापडत नाही.

कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात २००७ च्या सुमाराला समुद्री पाणमांजरं मरून किनाऱ्याला लागत होती. त्यांची यकृतं सुजलेली, रक्ताळलेली होती. समुद्रातल्या प्राण्याच्या मृत्यूचं कारण समुद्रात शोधायचं, हा सरळ विचार. यकृतात सापडलं मात्र मायक्रोसिस्टिन, म्हणजे गोड्या पाण्यातलं विष. पिंटो लेकसारख्या शेतीने वेढलेल्या तळ्यांतून ते ओढ्या-नद्यांवाटे समुद्रात येत होतं. तिथे शिंपले आणि कालवं पाणी गाळून जगतात. प्रयोगात त्यांच्या शरीरात आजूबाजूच्या पाण्याच्या १०७ पटींपर्यंत विष साठलेलं आढळलं. शिंपले हे पाणमांजरांच्या मुख्य अन्नांपैकी एक. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा २१ पाणमांजरांच्या मृत्यूची नोंद आहे. हा प्राणी तिथे फक्त तीन हजारांच्या आसपास उरला असताना २१ हा आकडा लहान नाही. पिंटो लेकमध्ये पुढे तुरटी सोडून पाण्यातला आणि गाळातला फॉस्फरस जखडून टाकण्याचा उपाय केला गेला. समुद्रातला प्राणी वाचवण्यासाठीही उपचार तळ्यावरच करावा लागतो.

२०२० मध्ये बोट्स्वानाच्या उत्तर भागात, ओकावांगो परिसरात सुमारे साडेतीनशे हत्ती मेले. सुळे जागच्या जागी होते, म्हणजे शिकारी नव्हते. मरण्यापूर्वी काही हत्ती गोल गोल फिरताना दिसले, काही चालता चालता तोंडावर पडले. सरकारने सप्टेंबरमध्ये सायनोबॅक्टेरियाचं कारण जाहीर केलं, पण नमुने वेळेवर गोळा झाले नव्हते आणि शंका राहिल्या. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी उपग्रहचित्रांतून त्या भागातले सुमारे तीन हजार पाणवठे अभ्यासले. अवर्षणाचं २०१९ साल आणि त्यापाठोपाठचा भरपूर पाऊस, यांमुळे गाळातली पोषकद्रव्यं ढवळली गेली. मृतदेहांच्या जवळपासच्या २० पाणवठ्यांत त्या वर्षी सायनोबॅक्टेरिया माजलेले दिसले. पाणी पिऊन हत्ती सरासरी साडेसोळा किलोमीटर चालले असावेत आणि सुमारे ८८ तासांत मेले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. पुरावा परिस्थितिजन्य आहे आणि तो तसाच राहणार, कारण ऊतींचे ताजे नमुने आता मिळणं शक्य नाही.

अशा घटना शोधणाऱ्यांना तीन अडथळे ओलांडावे लागतात. पाणी पिऊन किंवा भक्ष्य खाऊन प्राणी दूर जातो. उन्हात कुजणारं शरीर काही दिवसांत पुरावा गमावतं. आणि तळ्यातली वाढ तोवर ओसरलेली असू शकते. पाळीव गाय मेली तर मालक त्याच दिवशी चौकशी करतो. वारकरी मेला तर त्याला कोल्हा किंवा घार घेऊन जाते.

आपल्या पाण्याकडे पाहताना

या सर्व घटना वेगवेगळ्या खंडांतल्या आहेत, पण प्रत्येकीत विष बनवणारा जीव एकटा दोषी नाही. अलेक्झांड्रिनाच्या काळापासून, किंबहुना त्याच्याही कितीतरी आधीपासून, हे जिवाणू विष बनवत आले आहेत. पाणमांजरांना मारलं ते शेतातून तळ्यात आलेल्या फॉस्फरसने वाढवलेल्या विषाने. गरुडांना मारलं ते परदेशी वनस्पती, तिच्यावरचा जिवाणू आणि पाण्यातलं ब्रोमाइड एकत्र आल्यामुळे. यातली एक कडी काढली तरी साखळी तुटते. अमेरिकेत काही जलाशयांत तणनाशकाऐवजी प्रजनन न करू शकणारे गवत्या मासे सोडून हायड्रिला कमी करतात, ते याच विचाराने.

महाराष्ट्रात पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत जातं, आणि त्याच उजनीवर हिवाळ्यात रोहित, बदकं आणि वारकरी उतरतात. तिथे पाणी हिरवं झालं की चर्चा पिण्याच्या पाण्याची होते, ते योग्यच आहे. पण तेच पाणी पक्षीही पितात, आणि त्यांच्यासाठी कोणी गाळणी लावत नाही.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मत्स्यटाकीतल्या वनस्पती आणि मासे कधीही तळ्यात, ओढ्यात टाकू नका. गावच्या तळ्यातलं तण काढायला रासायनिक फवारणीचा प्रस्ताव आला, तर आधी हाताने आणि यंत्राने काढण्याचा आग्रह धरा. आणि तळ्याकाठी एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले किंवा गोल गोल पोहणारे दिसले, तर हात न लावता ठिकाण, तारीख आणि छायाचित्रासह वनविभागाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. डीग्रेच्या गरुडांचं कोडं सुटलं, कारण पहिल्या हिवाळ्यातच कोणीतरी मेलेले पक्षी उचलून प्रयोगशाळेपर्यंत पोचवले होते.